शनिवारचं कूलंट

“इंजिन तापलेलं असताना झाकणाला हात लावायचा नाही! आधी गार होऊ द्यायचं… मग बघू.”

प्रेमाच्या गोष्टीत नायकाचं पहिलं वाक्य असं असतं का कुठे? पण निकिताच्या कानावर त्र्यंबकचा आवाज पहिल्यांदा पडला तो असाच.

पाथर्डी फाट्याजवळच्या त्या सोसायटीत मायलेकी नुकत्याच राहायला आल्या होत्या. आईला रामकुंडावरून घेऊन निकितानं गाडी लावली, बॉनेट उघडलं, तर आतून वाफ! घाबरून ती झाकण फिरवणार, तोच शेजारच्या गाडीआडून हा आवाज आला, आणि पाठोपाठ एक उंच मुलगा. हातात फडकं, कपाळाला घामानं चिकटलेले केस.

“यात काय भरलंय?”

“गंगेचं पाणी,” आई अभिमानानं म्हणाली. नाशिकच्या माणसांना गोदावरी म्हणजे गंगाच. “गाडी घेतल्यापासून तेच घालते. पवित्र असतं.”

त्यानं हसू ओठांत दाबलं. “काकू, गंगा देवघरात ठेवा. गाडीला कूलंट लागतं. नाहीतर आतून गंजेल हो बिचारी.”

तो त्याच सोसायटीतला, बँकेत नोकरीला, पण जीव सगळा गाड्यांत. गाडी गार झाल्यावर त्यानं स्वतः जुनं पाणी काढून टाकलं आणि गुलाबी कूलंट भरलं. “गाडीच्या पुस्तिकेत सांगितलंय तेच घ्यायचं. नुसता रंग बघून नाही. आणि दोन जातींची एकत्र मिसळायची नाहीत.”

“बरं, गुरुजी. नाव काय आपलं?”

“त्र्यंबक.”

“नाव आहे की बसवरची पाटी?”

“पाटीच.” त्यानं वर पाहिलं. “चढा की… जागा आहे.”

निकिता कानापर्यंत लाल झाली.

मग दर शनिवारचं ठरूनच गेलं. ती सकाळी मारुतीला जाण्याआधी इंजिन गार असायचं. तेव्हा टाकीतली पातळी बघायची, दोन रेघांच्या मध्ये हवी. आणि दर शनिवारी ती थोडी उतरलेली असायचीच. त्र्यंबक वाकून बघायचा, मान हलवायचा, हळूच भर घालायचा. कूलंटचा तो गोडसर वास, त्याच्या बाह्या दुमडलेल्या… ती देवळातून येताना त्याच्यासाठी गूळ-फुटाण्याचा प्रसाद आणायची. तळहातावर देताना बोटं जराशी रेंगाळायची.

“कमी कसं होतं हो हे?”

“उन्हानं आटतं.”

“आणि पावसाळ्यात?”

“पावसाळ्यात…” तो हसला. “लाजून आटतं.”

‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं, कळलंही नाही. नवरात्र संपताना तो म्हणाला, “दिवाळीत आईला घेऊन तुमच्याकडे येतो. काकूंना काही विचारायचंय.”

“काय रे?”

“कूलंटचा भाव.”

त्या रात्री देवापुढं हात जोडताना निकिताला मागायला काही सुचलंच नाही. सगळं मिळाल्यासारखं वाटत होतं.

दिवाळीच्या आधीच घोटीहून फोन आला. आईचा धाकटा भाऊ, खंडूमामा, शेवटच्या घटका मोजत होता. ‘ताईला बोलवा’ एवढंच म्हणत होता. आईनं पूजा आटोपली, तुळशीला पाणी घातलं आणि दोघी निघाल्या.

वाडीवऱ्हे मागं पडलं आणि तापमानाचा काटा लाल रेघेला भिडला. बॉनेटमधून वाफांचे लोट…

“अगं उघड ना! ओत पाणी!” आई कळवळली.

“नाही आई. गार होऊ दे.”

महामार्गावर गाड्या सुसाट चाललेल्या. निकिता हात करत राहिली, कुणी थांबेना. अखेर भाजीचा एक टेम्पो थांबला. टेम्पोवाल्यानं वाकून पाहिलं.

“ताई, पाइप सुटलाय. क्लिप ढिली हे. आणि ही आजची गळती नाय बरं का, हा बघा, पांढरा थर बसलाय. झाकण उघडणाऱ्याला दिसायलाच पायजे व्हता.”

निकिता त्या पांढऱ्या डागाकडं बघत राहिली. बरोब्बर तिथंच तर वाकायचा तो…

टेम्पोवाल्यानं त्यांना घोटीला पोचवलं. तोवर मामाला खाली घेतलं होतं. मामी रडत म्हणाली, “‘ताई आली का, ताई आली का’ करीतच गेले हो.”

सुतक फिटलं, तरी आईनं देवघरात दिवा लावला नाही. “मी पूजेत वेळ घालवला,” एवढंच म्हणायची. “माझ्या देवानं माझ्या भावाला वाट पाहायला लावली.”

शनिवारी त्र्यंबक खाली उभा होता. हातात फडकं नव्हतं.

“तुला दिसली होती ना क्लिप?” निकितानं सरळ विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, “दुसऱ्याच शनिवारी. एक पिळा दिला असता की झालं होतं. पण मग… तू परत कशाला आली असतीस?”

“बोलावलं असतंस, तर आले असते.”

“निकिता, मी लग्नाचं विचारणार होतो गं.”

“आणि मी हो म्हणणार होते.” तिचा आवाज चढला नाही. “पण रोज आईसमोर बसून घास गिळायचाय मला. तुझ्या नावाचं कुंकू लावून तो उतरायचा नाही.”

त्यानं डोळे पुसले. “मी काय करू? सांग. करीन.”

“आई स्वतःला दोष देतेय. तिच्या पूजेला दोष देतेय. मी सांगितलं तर तिला वाटेल, पोरगी समजूत घालतेय. तू सांग. सगळं.”

“काकू मला पुन्हा दारात उभं करणार नाहीत.”

“नाही करणार.”

“आणि तू?”

तिनं ओठ घट्ट मिटले. पापण्या मात्र मिटता आल्या नाहीत. तो शेवटचा दिसत होता ना…

“मीही नाही.”

“सांगतो,” तो म्हणाला. “शब्द देतो.”

त्यानं शर्टाच्या बाह्या नीट खाली केल्या, बटणं लावली. तिच्याकडं पुन्हा न बघता तो वळला आणि मायलेकींच्या घराचा जिना चढू लागला.