यंदा टिळा नको

गाडीतून सगळे उतरले, तरी एक जण आतच होता.

काचेतून मला त्याची फक्त मान दिसत होती. शेवटच्या बाकापर्यंत गेला, प्रत्येक बाकाखाली वाकून पाहिलं, मग सावकाश उतरला, आणि उतरल्यावर पुन्हा गुडघे टेकून गाडीखाली डोकावला. धुळीसाठी तोंडावर रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा, छातीवर चिकटवलेलं नाव – केन.

"ह्याचं काय हरवलंय?" आमानं, माझ्या आईनं, विचारलं.

"डोकं असेल," मी तिला म्हणाले. "मान केवढी लांब आहे बघ. वाटेत कुठंतरी गळून पडलं असेल."

अमेरिकेहून घरं बांधून द्यायला येणाऱ्या स्वयंसेवक पाहुण्यांना नेपाळी कळत नाही, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यांच्यासमोर सगळे मनमोकळं बोलतात.

तो उठला. गुडघे झटकले, रुमाल हनुवटीखाली ओढला.

"आहे अजून," तो म्हणाला. चक्क आमच्या भाषेत. "खात्री करायची असेल तर टकटक करून बघा."

आमा हसता हसता खालीच बसली. मी माझ्या लेकीला, जुनूला, ह्या कडेवरून त्या कडेवर घेतलं. दुसरं काय करणार?

घर आमचंच बांधायचं होतं, आणि इंग्रजी घेऊन बी. ए. झाल्यामुळे दुभाषीही मीच होते. म्हणजे आभार मानायचेही मीच आणि त्यांचा अनुवाद करायचाही मीच. जुनं घर मागच्या वर्षी हत्तीनं पाडलं. भाताच्या पोत्याच्या वासानं आला, भिंत लोटली, पोतं नेलं. आम्ही तिघी तेव्हा शेजारी होतो म्हणून वाचलो. तेव्हापासून मी झोपते, पण माझे कान झोपत नाहीत.

त्याचं खरं नाव खगेंद्र. भूतानमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत जन्मला, ती छावणी आमच्याच जिल्ह्यात, बांबूच्या झोपड्यांची. चौदा वर्षांचा असताना आईबापांबरोबर अमेरिकेला गेला. तिथं ओहायोत शाळेची बस चालवतो. 'केन' हे नाव बसमधल्या पोरांनी ठेवलेलं. खगेंद्र त्यांच्या जिभेवर मावत नाही म्हणे.

आमच्याकडे बाई भाजीवाल्यालाही दाई म्हणते आणि कंडक्टरलाही. दाई म्हटलं की मोठा भाऊ झाला, विषय संपला. पण त्या दिवशी शरमेनं माझ्या तोंडून "माफ करा, केन सर" निघालं, आणि मग तेच राहिलं.

"सर काय? दाई म्हणा की," तो दुसऱ्या दिवशी बांबू चिरताना म्हणाला.

"सवय लागली आता."

"एका दिवसात?"

"मला लवकर लागते. कोयता नीट धरा, केन सर. बोटं मोजून परत पाठवायची आहेत तुम्हाला."

त्याची नेपाळी एक गंमतच होती. चौदाव्या वर्षी निघाला, तिथंच भाषा थांबली. चिडवायला, भांडायला, गोट्यांच्या डावात लबाडी पकडायला त्याच्याकडे भरपूर शब्द होते. मोठ्या माणसांचे शब्द मात्र नव्हते. आमानं तब्येत विचारली तर म्हणाला, "एकदम झकास, मावशी, तुमची शप्पथ." तीस वर्षांचा पुरुष!

काम सुरू झालं. आधी खांब, मग पत्रा, मग कांब्या विणून कुडाच्या भिंती, वर माती-सिमेंटचं लिंपण. पाहुणे उत्साहानं ठोकत, आणि जेवढे खिळे लाकडात जात, तेवढेच जमिनीवर पडत. जुनू चार वर्षांची, चप्पल तिच्या पायात टिकत नाही. संध्याकाळी सगळे चहाला बसले की मी ओणवी होऊन अंगण चाचपत असे. आमा म्हणे, "बिपना, जमीन काय दळून खायची आहे का?" पण गंजका खिळा म्हणजे काय, हे मला माहीत होतं. मी वाचलेलं असतं सगळं. तोच त्रास आहे.

एका संध्याकाळी बघते तर खगेंद्र अंगणात फिरतोय. हातात दोरी, दोरीच्या टोकाला जुन्या लाउडस्पीकरमधला लोहचुंबक. मागून जुनू.

"हे काय चाललंय?"

"मासे पकडतोय," जुनू म्हणाली. चुंबकाला खिळ्यांचा झुबका लटकला होता.

"भद्रपूरच्या बाजारात भंगारवाल्याकडे मिळाला," तो म्हणाला. वर पाहिलं नाही. "तुमची कंबर दुखत असेल रोज."

मी चुंबकावरचे खिळे सोडवून डब्यात टाकायला लागले.

भिंती व्हायच्या आधी एका दुपारी पाऊस आला. कार्तिकात येतो तसा, चुकून आल्यासारखा. सगळे नव्या पत्र्याखाली गोळा झालो. छप्पर होतं, भिंती नव्हत्या. चारी बाजूंनी पाणी गळत होतं, आणि पत्र्याचा आवाज इतका की बोलायचं तर जवळ उभं राहावं लागे.

"एक विचारू?" मी म्हणाले. "गाडीखाली काय बघता रोज?"

"पोरं."

"इथं कुठली पोरं?"

"कुठंही असतात." तो थांबला. शब्द शोधत होता. "तिकडे एकदा... दुसऱ्याच्या बसमध्ये, शेवटच्या बाकावर एक पोरगी झोपून राहिली. थंडी होती. सापडली, वाचली. पण मला तेव्हापासून... चैन पडत नाही. सगळे हसतात मला."

"मला पण हसतात," मी म्हणाले.

जुनूच्या पायात मी अजून घुंगरू बांधते. आवाज चालू असला की माझे हात चालतात, आवाज थांबला की हात थांबतात. ह्या घराला आता दोन बायका आणि ती, एवढेच. तिचा बाप कतारला गेला आणि परत आला तो दुसऱ्या बाईच्या घरी. कोर्टात सगळं झालं, त्याबद्दल आता कुणी बोलत नाही.

त्या पत्र्याच्या गोंगाटात घुंगरू ऐकू यायचं बंद झालं. मी वळले. पण त्याची मान माझ्याआधी वळली होती. जुनू खांबाआड पागोळीखाली तळहात धरून उभी होती. त्यानं पाहिलं, मान हलवली, म्हणाला, "आहे. तुम्ही बसा."

तुम्ही बसा. गेल्या चार वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. मी खरंच बसले. सिमेंटच्या पोत्यावर.

घर झालं तेव्हा तिहार, म्हणजे आमची दिवाळी, आला होता. भाईटीकेच्या, म्हणजे बहिणीनं भावाला सात रंगांचा टिळा लावायच्या भाऊबीजेच्या, दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचं विमान होतं. आमानं एकदा जेवताना त्याला विचारलं, "बाबू, टिळा कोण लावतं तुला?"

"कुणी नाही, मावशी. मी एकटाच. छावणीत असताना दुसऱ्यांच्या बहिणी उरलेला टिळा लावायच्या. रांगेत शेवटी बसायचो मी. कधी पिवळा रंग संपलेला असे, कधी लाल. सातही रंग एकदाही नाही मिळाले." तो हसत सांगत होता, पण भात चिवडत होता.

आमाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं तिथंच ठरवलं. "बिपनाला भाऊ नाही, तुला बहीण नाही. ह्या वर्षी आमच्या उंबऱ्यावर बस. सातही रंग लावेल ती."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी डाळ वाढत होते. डाळ ताटाबाहेर गेली.

"आमा," मी नंतर चुलीपाशी म्हणाले, "त्याला विचारलं पण नाहीस."

"विचारायचं काय? अगं, पाहुणा एकदा गेला की गेला. भावाला मात्र दर वर्षी यावंच लागतं. बांधून ठेवतेय मी त्याला. तुझ्यासाठीच."

तिचं चूक नव्हतं. तेच तर अवघड होतं. टिळा लावला तर तो दर तिहारला येईल. जुनूला मामा मिळेल, खेळणी आणेल, लोक नावं ठेवणार नाहीत. नाही लावला तर... तर काय? विमानात बसून गेलेला एक माणूस मी पाहिला होता. दुसरा येईलच ह्याचा काय भरवसा? मी दोन दिवस सात वाट्यांत सात रंग कालवत राहिले आणि हाच हिशेब करत राहिले. प्रत्येक वेळी उत्तर टिळा लावावा असंच येत होतं. आणि प्रत्येक वेळी माझा हात थांबत होता.

त्याला हापशावर गाठलं.

"केन सर, उद्या येणार ना?"

"तुम्ही म्हणत असाल तर येईन."

"मी काही म्हटलेलं नाही."

"मग आमा म्हणाल्या म्हणून येईन." बादली भरून वाहायला लागली, तरी तो दांडा हलवत होता.

भाईटीकेला नव्या उंबऱ्याच्या आत चटई घातली. समई, फुलं, तळलेली गोड सेलरोटी, मखमली फुलांची जांभळी माळ. आमानं तेलाची धार धरून त्याच्याभोवती फेरा घातला. भावावरचं अरिष्ट फुटावं म्हणून उंबऱ्यावर अक्रोड ठेवला, फोडायला वरवंटा. तो मांडी घालून बसला होता, अंगात इस्त्रीचा सदरा, लांब मान ताठ. जुनू त्याच्या गुडघ्याला टेकून रंग बघत होती.

मी समोर बसले. तांदळाच्या पिठीत बोट बुडवलं. आधी पांढरी रेघ काढायची, मग तिच्यावर एकेक रंग. बोट त्याच्या कपाळापर्यंत नेलं. तिथंच राहिलं.

"लाव की," आमा म्हणाली.

तो माझ्याकडे बघत होता. मग हळू आवाजात, पोरासारखं भराभर म्हणाला, "लहानपणापासून वाट बघितली, शप्पथ. सात रंग. दर वर्षी. पण यंदा टिळा नको. तुमच्या हातचा नको. मला... मला ह्याचा मोठा शब्द येत नाही."

पिठी माझ्या बोटावरून मनगटावर ओघळली.

"मलाही लावायचा नाहीये," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून दाई म्हटलं नाही मी तुम्हाला. लक्षात आलं नाही का?"

"आलं. वाटलं, चिडवताय."

"चिडवतच होते."

आमा वरवंटा हातात घेऊन तशीच उभी. आमच्याकडे, जुनूकडे, सात वाट्यांकडे बघितलं.

"हे दोन दिवस आधी सांगता आलं नाही?" ती म्हणाली. "रंग कालवले, माळ ओवली, सेलरोटी केली... आणि आता ह्याला मी कशानं बांधू? भाऊ येतो. बाकीचे येतात का? हिनं एकदा बघितलंय."

हेच मी दोन दिवस स्वतःला विचारत होते.

"नका बांधू, मावशी," तो म्हणाला. "शाळेला फागुनात सुट्टी असते. मी येईन. नाही आलो, तर पुढच्या तिहारला सगळ्या गावाला सांगा, मान लांब होती, वर डोकं नव्हतं."

आमा हसली नाही. पण तिनं वरवंटा उचलला. "अक्रोड घराचा म्हणून फोडते. तुझा नाही," असं म्हणून एका दणक्यात फोडला. मग माळ उचलली, नव्या दाराच्या चौकटीला लटकवली. "ही फुलं सुकत नाहीत. आलास तर हिच्याच हातानं गळ्यात पडेल. नाही आलास तर दाराला शोभा."

तेवढ्यात जुनूनं सातही वाट्यांत बोटं बुडवून स्वतःच्या कपाळावर फासली होती. तिला कुणी रागावलं नाही.

सकाळी गाडी आली. सगळे चढले. तो शेवटपर्यंत जाऊन बाकाखाली बघून आला, उतरला, गाडीखाली वाकला, मग माझ्या कडेवरच्या जुनूला पाहून म्हणाला, "आहे." आणि चढला.

"खगेंद्र," मी म्हणाले. पहिल्यांदाच. पुढं काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली, वाट पाहिली. मग गाडी निघाली.

संध्याकाळी घुंगरू वाजवत जुनूनं दोरी आणली. आम्ही दोघी अंगणभर फिरलो, परसातून, भिंतीच्या कडेकडेनं, हापशापर्यंत. चुंबक कोराच राहिला. एकही खिळा नाही.

पहाटे उठून त्यानं सगळं अंगण फिरून घेतलं होतं.

माळ दारावर आहे. मागच्या आठवड्यात फागुन लागला. मी आज चौकटीखाली स्टूल ठेवून तिच्यावरची धूळ झटकली. रंग तसाच आहे. खाली कोपऱ्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला, लोक उतरले, दार मात्र लागलं नाही. कुणीतरी अजून आत आहे. शेवटच्या बाकापर्यंत गेलं असावं.

मी स्टुलावरून उतरले नाही. माळ काढून हातात घेतली.