एक हिसका म्हणजे ठीक

लाइट गेली त्या रात्री आमच्या थोरल्या दिरांनी पोरांना ही गोष्ट सांगितली. सांगितली तशी लिहिते. पटत नसेल तर वाचू नका.

"माझा एक दोस्त होता, मुकादम. बंद कारखान्यांतला विषारी गाळ उपसायचं काम. गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. मालकाला जमिनीखालची टाकी सकाळपर्यंत साफ हवी होती. आत उतरणार होता मुकादमाचा सख्खा धाकटा भाऊ. अंगात पिवळा सूट, तोंडावर मास्क, मास्कला हवेची नळी, हातात दिवा.

मास्क चढवण्याआधी म्हणाला, 'वहिनीला फोन कर, माझं ताट झाकून ठेव म्हणावं. आणि दादा, तू त्यात हात घालू नकोस.'

'उतर गुमान, खादाड!'

मास्क घातला की बोलता येत नाही. म्हणून कमरेला दोरी. वरच्यानं ओढायची, खालच्यानं उत्तर द्यायचं. एक हिसका म्हणजे ठीक. दोन म्हणजे वर घे."

"आणि तीन?" माझ्या लेकीनं विचारलं.

"तीन नसतंच. मध्ये बोलू नकोस. तर, दुसरा मास्क राहिला गाडीत, आणि ड्रायव्हर गाडी घेऊन गेला चहाला. मुकादमानं त्याला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. पण घाबरला नाही. दोरी बोलत होती ना! ओढली, एक हिसका. ठीक. थोड्या वेळानं परत ओढली. एक हिसका. ठीक.

मग खालचा दिवा विझला.

मुकादम टाकीच्या भोकात वाकला. 'काय रे, दिवा गेला?'

एक हिसका.

त्यानं दोरी ओढलीच नव्हती...

'वर ये.'

एक हिसका.

'श्वास घेतोयस ना?'

एक हिसका. ठीक.

त्यानं दोरी खेचली. हलकी आली. सगळी आली. टोकाला गाठ सुटलेली, माणूस नाही. तसाच उतरायला गेला. दोन पायऱ्यांत डोळे पेटले, घसा आवळला. परत वर. पालथा पडून नुसता हाका मारत राहिला. दुसरं करणार काय? दोरी त्याच्या मांडीखाली. सुटलेलं टोक टाकीबाहेर.

आणि त्या दोरीला...

एक हिसका."

दिरांनी मेणबत्ती जवळ ओढली.

"गाडी आली. मास्क लावून मुकादम उतरला. भाऊ गाळात पालथा, हवेची नळी निसटलेली. डॉक्टर म्हणाले, उतरल्या उतरल्याच गेला असणार."

"मग दोरी कोण..." लेकीनं परत तोंड घातलं.

"ते सोड. बुटांचं ऐक. आत उतरताना बूट आणि सूट मिळून चिकटपट्टीनं आवळतात. ब्लेडशिवाय निघत नाही. त्याच्या दोन्ही पायांवर पट्टी होती तशीच, गच्च.

पाय उघडे.

बूट पलीकडच्या भिंतीशी. कुणाच्या घरात शिरताना काढून ठेवावेत तसे, जोडीनं. गुडघाभर गाळाच्या वर...

कोरडे."