बोलती बारव

दिपानं प्लगला हात घातला आणि कुणीतरी तिचं मनगटच धरलं.

"तो काढू नका! प्लीज... तो न्हाई!"

समोर पंचविशीतला एक तरुण होता. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, चेहरा पांढराफटक. आपण काय धरलंय हे ध्यानात येताच त्यानं हात असा सोडला, जसा तव्याचा चटका बसावा.

"मोबाइल चार्ज करायचा व्हता," दिपा म्हणाली. "आमची एसटी पंक्चर झालीय. एवढं चिडायला काय झालं?"

"चिडलो न्हाई, घाबरलो. या लॅपटॉपची बॅटरी गेलीय. वायर निघाली की सगळं बंद, अन् परत उघडायला चाळीस मिनिटं. ग्रामसभा तर वीस मिनिटांवर आलीय."

जवळा बाजारच्या अलीकडचं ते लहानसं गाव. शेताशेतांत हळद शिजत होती, तिचा उग्र-गोड वास पंचायतीच्या खोलीत भरला होता. लॅपटॉपवर एक दगडी बारव संथ गोल फिरत होती. पायऱ्या, कोनाडे, कडेला उगवलेला पिंपळसुद्धा जिथल्या तिथं.

तरुणाचं नाव नचिकेत. हिंगोलीचा, इंजिनिअर, सुट्टीच्या दिवशी जुन्या बारवा मोजत हिंडायचा. या गावच्या बारवेचे दोन हजार फोटो काढून त्यानं ते एकात एक जोडले होते. कारण गावात घाटत होतं, की बारव मुरूम टाकून बुजवावी आणि वर दुकानांचे गाळे काढावेत. आज त्याचा निकाल लागणार होता.

"मागच्या सभेतबी दाखवली," तो म्हणाला. "लोक म्हणाले, पोरगं शिनेमा दाखवून राहिलंय. इथं खाली काय हाय, तिथं काय हाय, विचारत व्हते. हे आपलं नुसतं फिरत राहतं."

"क्लिक केलं तर?"

"काहीच न्हाई. ते लिहायचं राह्यलंय. आता लिहायचं तर बंद करावं लागल."

दिपानं खुर्ची ओढली. कळमनुरीजवळच्या तांड्यावरची ही पोरगी पुण्याच्या कंपनीचं प्रोग्रॅमिंगचं काम घरून करायची, दिवसभर हेच. चित्रामागे डोकावणाऱ्या काळ्या खिडकीवर तिनं बोट ठेवलं.

"ही कन्सोल चालू हाय ना? मग बंद काहून करायचं? चालत्या प्रोग्रॅमलाच इथून एकेक ओळ सांगायची. तो लगेच ऐकतो."

"अन् मधीच बंद पडला तर?"

"तर धरा पुन्हा मनगट," ती म्हणाली, आणि स्वतःच लाजून कीबोर्डवर वाकली.

पहिल्या दोन ओळींनी माउसला बारव फिरवायला शिकवलं. नचिकेतनं हळूच ओढून पाहिलं... आणि बारव चक्क उलटी झाली.

"अहो! पाणी असतं तर सांडलं असतं की सगळं!"

"थांबा हो, एका खुणेची चूक हाय." तिनं तीच ओळ पुन्हा लिहिली. बारव सरळ झाली. खिडकी क्षणभरही मिटली नव्हती. "आता पायऱ्या. क्लिक केलं की पायरी पिवळी होईल अन् खोली दिसल. माप कुठं लिहून ठेवलंय?"

"लिहा तुमी, सांगतो." त्यानं डोळे मिटले. "पूर्वेची सातवी, वरून पाच फूट. आठवी, पावणेसहा. नववीपासून गाळ... सळई खुपसून मोजलंय मी, खालचे दगड त्याच मापानं चित्रात बसवलेत. आठवीची उजवी कड फुटलीय."

तो सांगत गेला, एकही आकडा न अडखळता. दिपाची बोटं मात्र एकदा थांबली. बुजवायला काढलेल्या बारवेची फुटकी कडसुद्धा कुणी अशी जिवाला लावून घेतं?

"काय झालं?" त्यानं डोळे उघडले.

"काही न्हाई... पुढं सांगा."

सभा भरली. सरपंच वसराम हाताची घडी घालून बसले. चित्र दिसताच मागून कुणी जांभई दिली. मग म्हाताऱ्या रुख्मिणीबाई उठल्या.

"बाळा, दक्षिणेच्या कोनाड्याखाली एक रुंद दगड व्हता. लग्नाच्या साली मी तिथंच घसरले व्हते. हाय का गेला?"

नचिकेतनं क्लिक केलं. दगड हळदीसारखा पिवळा झाला, बाजूला अक्षरं उमटली, 'गाळाखाली चार फूट.'

"म्हंजे हाय!" म्हातारी पुढं आली. दिपानं तिचा हात माउसवर ठेवला. रुख्मिणीबाईंनी एकेक पायरी पिवळी केली, प्रत्येकीला काहीबाही आठवण सांगत. मग सगळेच टेबलाभोवती जमले.

शेवटी वसराम घसा खाकरून म्हणाले, "मुरूम राहू द्या. उन्हाळाभर गाळ काढून बघू. पाणी लागलं तर गाळे दुसरीकडं."

त्या गोंधळात एसटी कधीच निघून गेली होती.

त्यानंतर नचिकेतचे फोन सुरू झाले. रंग दिसत न्हाई, क्लिक होत न्हाई, बारव हालत न्हाई.

"तुमी मुद्दाम बिघडवून राहिलात," दिपा एकदा म्हणाली.

पलीकडून प्रश्न आला, "...मग तुमी मुद्दाम दुरुस्त काहून करता?"

ती हसली, आणि त्या रविवारपासून गाळ काढायला जाऊ लागली.

मे महिन्यात रुख्मिणीबाईंचा दगड उघडा पडला. त्याच्या फटीतून पाणी झिरपत होतं. गुडघाभर चिखलात उभं राहून दिपानं सांगितलं, "जूनपासून कंपनी पुण्याला बोलावून राहिलीय. सहा महिने."

नचिकेतच्या हातातली पाटी खाली आली.

"मी... मी घरी सांगितलंय."

"काय?"

"लग्न केलं तर दिपाशीच. आई तीन दिवस बोलली न्हाई. चौथ्या दिवशी विचारलं, तिला जेवायला काय आवडतं?"

"अन् मला कधी विचारणार व्हता?"

"आता विचारून राहिलो ना..." कपाळाचा घाम पुसायला गेला आणि चिखलच माखून बसला. "दिपा, चालल का तुला?"

तिला हसू आवरेना, आणि डोळे का भरून आले तेही कळेना. "व्हय," ती म्हणाली. "पण पुण्याला मी जाणार. तू येत जा. अन् माझ्या बापूला तांड्यावर येऊन तूच सांगायचं. मी एक शब्द बोलणार न्हाई."

पुढच्या रविवारी तो आला. दिपाच्या बापूंनी, शंकरसिंगांनी, त्याला बाजेवर बसवलं. नचिकेत अडखळत बोलला, घाम पुसत बोलला, पण सगळं बोलला. दाराआड दिपा कान देऊन उभी.

शंकरसिंगांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग आत वळून त्यांनी हाक दिली,

"दिपा, पाव्हण्याला ताट वाढ. अन् तुझंबी इथंच आण."