सायकलच्या ट्यूबचा पट्टा

हसाल तुम्ही, पण त्या दिवसापासून मी सायकलच्या ट्यूबला ब्लेड लावलेलं नाही.

जुने टेपरेकॉर्डर दुरुस्त करणं हा माझा धंदा. आतला रबरी पट्टा वितळून डांबर होतो आणि नवा मिळता मिळत नाही. मग मी सायकलची ट्यूब आडवी कापायचो. बारीक कडी निघायची, ती चाकांवर चपखल बसायची. जुगाड, दुसरं काय!

एका दुपारी शिंपीणबाई टेप घेऊन आल्या. त्यांचा मुलगा नवव्या वर्षी तापानं गेला, त्याला पंचवीस वर्षं झाली. आवाज उरला होता तो एका कॅसेटवर, सातचा पाढा म्हणतानाचा. माझ्याकडची ट्यूब संपली होती, तर बाईंनी त्याच्याच छोट्या सायकलची आणून दिली. पट्टा बसवला. "सात एके सात, सात दुणे चौदा…" चिमणा आवाज दुकानभर घुमला. बाई डोळे पुसत राहिल्या.

असलं रबर लवकर सैल पडतं. मग कॅसेट हळू फिरते, आवाज जाड होतो. महिन्याभरानं पट्टा बदलायला मी त्यांच्या घरी गेलो, तर बाईंनी हातच धरला.

"नका हो बदलू. ऐका तरी, मिसरूड फुटलेल्या पोरासारखा बोलतोय. मोठा होतोय माझा सोन्या."

पट्टा न बदलताच मी परतलो. तिथंच चुकलं माझं.

थंडीत त्यांचा निरोप आला. खिडक्या बंद, खोलीत जळक्या रबराचा वास कोंडलेला. टेपमधून म्हाताऱ्याचा घोगरा आवाज येत होता. "सात… एके…" मग खोकल्याची उबळ. कॅसेटवर खोकला नव्हता, शपथेवर सांगतो.

"आई… दमलो गं… बंद कर आता…"

बाईंनी शांतपणे ट्यूब आणि ब्लेड पुढ्यात ठेवलं.

"नवा पट्टा घाला. परत लहान होईल."

"बाई, राहू द्या हो त्याला…"

"एवढं ऐका माझं. एकटीनं नाही राहवत."

त्यांच्या तोंडाकडे बघून मला नाही म्हणवेना. कडी कापली, बसवली, बटण दाबलं. क्षणभर नुसती खरखर. मग तोच नऊ वर्षांचा आवाज, रडवेला.

"काका… नको ना… परत नको…"

बाईंचा चेहरा उजळला. "बघा, ओळखलं तुम्हाला त्यानं," म्हणाल्या, आणि ट्यूबची नीट घडी करून कपाटात ठेवली. अजून हातभर उरली होती.