सातचा फोन

खोलीत बारा खुर्च्या होत्या, माणसं दहा, सगळी साठीच्या आसपासची. आणि दारू सुटल्याचे सगळ्यांचे मिळून दिवस चार हजार एकशे आठ. त्यातले तीनशे एकाहत्तर शिवणवाल्या बाईंचे. पण बाईंचं लक्ष एकाच खुर्चीवर होतं... घड्याळजींच्या शेजारच्या. वर्षभर तिथे त्या बसायच्या. गेले सहा दिवस तिथे नवी ग्रंथपालबाई बसत होती. केस चांदीसारखे, आणि हसली की गालाला खळी.

गटाचा नियम साधा होता. नव्या माणसाला जुन्याने वर्षभर रोज सकाळी सातला फोन करायचा, रात्र कोरडी गेली का ते विचारायला. बाईंचं वर्ष संपलं, आणि घड्याळजींचा फोन ग्रंथपालबाईकडे गेला.

सहाही सकाळी बाईंनी सातला घड्याळजींचा नंबर लावला. बिझी. मनगटावरच्या घड्याळात मोजलं (तेही त्यांनीच दुरुस्त केलेलं), तर बावीस मिनिटं. आपल्या वाट्याला कधी सहाच्या वर आली नव्हती.

चहाच्या वेळी त्यांनी घड्याळजींना गाठलंच. "बावीस मिनिटं काय बोलता हो?"

"तुम्ही मोजता?"

"टाके मोजायची सवय आहे."

"त्या रडतात, मी ऐकतो." ते गालात हसले. "तुम्ही रडायचा नाहीत. भांडायचात..."

"मग आता मी भांडू कुणाशी?"

घड्याळजींनी कोपऱ्यात फुरंगटून बसलेल्या म्हाताऱ्या ट्रक ड्रायव्हरकडे पाहिलं. "चार दिवस झालेत त्याला. त्याला फोन करायला तुम्ही तीनदा नाही म्हणालात. सातला त्याला कुणीच नाही."

आपण फोन करणारी झालो, की आपल्याला फोन करणारं कुणी उरणार नाही... एवढंच तर बाईंना भय होतं.

दुसऱ्या दिवशी सातला त्यांनी ड्रायव्हरचा नंबर लावला.

"रात्र कोरडी गेली का?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. तुमच्या शर्टाची बाही उसवलीय, शर्ट घेऊन या."

"गेली कोरडी. कशीबशी."

"कशीबशी म्हणजे? नीट सांगा."

तो सांगत गेला. अकरा मिनिटं झाली. तेवढ्या वेळात ती खळी बाईंना एकदाही आठवली नाही.

साडेसातला फोन वाजला. घड्याळजी.

"माझं वर्ष संपलंय," बाई म्हणाल्या.

"सातचा फोन गटाचा. हा माझा... चालेल?"

"माझ्या गालाला खळी नाही."

"डाव्या भुवईवर तीळ आहे. वर्षभर शेजारी बसलोय मी."

फोन ठेवून बाईंनी मनगटावर पाहिलं. एक्कावन्न मिनिटं.