नऊ नंबरच्या खोलीतलं अक्षर

रोज सकाळी आठ वाजता मी नऊ नंबरच्या बाईंना कागदावर एक वाक्य लिहायला सांगायचे. या उपचारात मेंदूला सूज येऊ शकते आणि ती आधी अक्षरात दिसते. वाक्य त्यांनीच निवडलं होतं: 'मला घरी जायचंय.'

बाई शाळेत शिकवायच्या. माझा तक्ता बघून म्हणाल्या, "सिस्टर, हे अक्षर आहे की कोंबडीचे पाय?" मला हसू आवरलं नाही.

दोन वर्षांपूर्वी थोरल्या भावाच्या मूळपेशी मिळून त्या बऱ्या झाल्या होत्या. पुढे भाऊ अपघातात गेला आणि यंदा लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर, परतला. आता त्यांच्याच रक्तातल्या पेशी काढून, गाठी ओळखायला शिकवून परत सोडल्या होत्या.

"म्हणजे दादाच्याच," बाई म्हणाल्या. खरं होतं, प्रत्यारोपणानंतर रक्त भावाच्याच पेशींचं बनतं. याच्यापुढे औषध उरलं नव्हतं.

पाचव्या दिवशी ताप एकशे तीनवर गेला. कागदावर नुसती वेडीवाकडी रेघ उमटली. डॉक्टरांनी सूज उतरवणारं औषध सुरू केलं. बाईंचा नवरा दाराबाहेर येरझाऱ्या घालू लागला.

सहाव्या दिवशी त्यांचे डोळे मिटलेलेच होते. सवयीनं मी कागद धरला, तर त्यांनी डाव्या हातात पेन घेऊन सरसर लिहिलं. अक्षर मोठं, मागे झुकलेलं.

'हिला घरी जायचंय.'

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. तापात माणूस काहीही करतो, म्हणून मी तशी नोंद केली. नवऱ्याला कागद दाखवला, तर त्यानं तो उजेडाकडे धरून पुन्हा वाचला.

"हिचा दादा डावखुरा होता," तो म्हणाला. "हे त्याचं अक्षर."

आठव्या दिवशी: 'निम्म्या गाठी संपल्या.'

नवव्या दिवशी: 'झालं.'

त्या दुपारी ताप उतरला. दहाव्या दिवशी बाईंनी उजव्या हातानं, आपल्या सुरेख अक्षरात घरी जायचं वाक्य लिहिलं. मधले दिवस त्यांना आठवत नव्हते.

महिन्याभरानंतरच्या स्कॅनमध्ये एकही गाठ नव्हती. मी डॉक्टरांसमोरच रडले.

त्याच दिवशी बाईंचं रक्त घ्यायचं होतं. उजव्या दंडाला पट्टी बांधून सुई टोचली, त्या कळवळल्या.

त्यांचा डावा हात उचलला गेला. त्यांच्याच केसांवरून सावकाश फिरू लागला, थोपटू लागला.

बाईंनी वळून मागे पाहिलं. मागे भिंत होती.

"सिस्टर, माझ्या डोक्यावर कोणाचा हात आहे?"