मधल्या जागेतला ठोका

ज्याला हे खोटं वाटेल, त्याने इथूनच उठावं. मला कुणाची मनधरणी करायची नाही.

मी चौथी शिकलेली बाई. कथा रचणं माझ्याच्याने होत नाही. हे माझ्या धाकट्या जावेच्या, जयवंताच्या घरात घडलं. नागपूर, लकडगंज. लाकडाच्या वखारींमागची गल्ली. मागच्या वर्षीचा मे महिना.

आणि रात्र नव्हती.

भर दुपार होती.

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा फिरत नाही. लाकूड कापायच्या आरामशिनी बंद, शटर खाली. ऐकू येते फक्त कूलरची घरघर...

आणि जयवंताच्या घरातून रोशनचं गाणं.

रोशन तिचा एकुलता एक. प्लायवूडच्या दुकानात कामाला. जेवायला घरी आला की दुपारभर स्पीकर लावून बसायचा. त्या गाण्यांना स्का म्हणतात. कुठल्याशा जमैका बेटावरची. एकदा फोनवर आपोआप लागली आणि पोट्टा पागल झाला. लग्नाच्या बँडमधले असतात तसे पितळी भोंगे, आणि गिटारचा ठोका भलत्याच जागी. आपण टाळी मारतो तिथं ते गप्प. आपण श्वास घेतो, तिथं ते ठोकतात.

त्याने ती कुणाला नाही ऐकवली! चहावाल्याला, हमालांना, पाहुण्यांना. दिसला माणूस की लाव कानाला फोन. लोक हसायचे. त्यालाही ते दिसायचं. पण आपल्यासारखं एक तरी माणूस या शहरात सापडावं, एवढीच त्याची भूक होती.

सापडली ती शेजारची पायल.

दोन्ही घरांत भिंत एकच. पलीकडे महादेवराव, त्यांची बायको नंदिनी, पोरगी पायल आणि महादेवरावांची आई, गोपिकाबुढी. बुढीला कशाचीच आठवण राहत नव्हती. रस्त्यावर निघून जायची, म्हणून मागच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी घालत.

एकदा गच्चीवर पायल म्हणाली, "हे काय बिघडलेलं वाजवून राहिला गा?"

"बिघडलेलं नाही वं. टाळी मारून पाह्य."

तिने मारली.

"तिथं नाही. तुझी टाळी संपली की मधात जी जागा उरते ना... तिथं."

तिने पाण्याच्या टाकीवर नख वाजवलं. ठक. बरोबर जागेवर. ठक. पुन्हा बरोबर.

झालं. पोट्टा कामातून गेला.

त्या सोमवारी महादेवराव बायकोला घेऊन वरूडला लग्नाला गेले. पायलची परीक्षा होती, बुढीला पाहायचं होतं, म्हणून ती मागे राहिली. गल्लीला एवढंच माहीत.

दुपारी रोशनने गाणं लावलं.

आणि भिंतीतून...

ठक.

त्याने भिंतीला कान लावला. गाण्यात जिथं जिथं रिकामं, तिथं तिथं... ठक. ठक. ठक.

त्याच्या अंगावर आनंदाने काटा आला. त्याने पायलला मेसेज टाकला, 'तू वाजवून राहिली ना?'

जरा वेळाने उत्तर आलं. 'हाव, मीच. आवाज वाढव.'

त्याने वाढवला.

पलीकडचे ठोके जोरात आले. मग घाईघाईने. मग चुकायला लागले. गाणं संपलं तेव्हा भिंतीवर काहीतरी घासत खाली गेल्यासारखं वाटलं.

थकली असंन, त्याला वाटलं. 'उद्या पुन्हा,' त्याने लिहिलं.

मंगळवारी पुन्हा तेच. पण सोमवारी माणसाचा हात होता. दमत होता, चुकत होता.

मंगळवारी एकही ठोका चुकला नाही.

बुधवारी जयवंता ताट घेऊन आली आणि दारातच थांबली. "रोशन, वास कायचा येऊन राहिला गा?"

"उंदीर मेला असंन."

"बंद कर ते. मले कसंतरी होऊन राहिलं."

त्याने बंद केलं. जयवंता सांगते, गाणं थांबल्यावरही भिंत एकदा वाजली.

गुरुवारी गाणं सुरू होतं. भिंतीत ठोके सुरू होते. रोशन खिडकीत उभा राहून खूष होत होता.

बाहेर एक ऑटो थांबला.

त्यातून पायल उतरली. खांद्याला बॅग. हातात घराची किल्ली.

आणि भिंतीतून... ठक.

रोशनने वळून भिंतीकडे पाहिलं. पायलने त्याच्याकडे पाहिलं, हसली, कुलूप काढून आत गेली.

मग तिची किंकाळी आली.

बुढी भिंतीला लागून पडली होती. मुठीत पितळी पेला. त्याच्या काठाने भिंतीचा रंग खरवडून निघालेला. माठ फुटलेला, पंखा बंद. पायल सोमवारी सकाळीच रामदासपेठेत मैत्रिणीकडे गेली होती. एका रात्रीसाठी म्हणून गेली, एसीत चार दिवस लोळली. तिथं ती मैत्रिणींना रोशनचीच गाणी ऐकवत होती.

डॉक्टर म्हणाले, बाई सोमवारी संध्याकाळीच गेली.

सोमवारी!

मग मंगळवारी कोण वाजवत होतं? बुधवारी? पायल कुलूप काढत होती, तेव्हा?

चार दिवसांनी पायल गच्चीवर आली. डोळे कोरडे.

"रोशन, तो मेसेज काढून टाक."

"काहून खोटं बोलली वं?"

"मी घरी नाही, हे तू आईले सांगशीन असं वाटलं. टाक ना काढून."

त्याने काढला. एवढा भयताड, एवढा खुळा पोट्टा आमच्या खानदानात दुसरा झाला नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हाही, मेलेलं माणूस परत येणार नाही म्हणून गप्प बसला.

पण एक गोष्ट त्याला कळली होती, ती त्याने नंतर मला सांगितली. "मोठी आई, बुढी साथ नव्हती देत. गाणं मधात थांबते ना, तेवढ्यातच आपला आवाज बाहेर जाईन, हे समजलं होतं तिले. आणि मी आवाज वाढवला."

गाणी बंद झाली.

ठोके बंद झाले नाहीत.

जयवंता खलबत्त्यात लसूण कुटायची. दोन घावांच्या मधात... ठक. घड्याळाच्या टिकटिकीत... ठक. दोघं मायलेक जेवायला बसली आणि बोलता बोलता गप्प झाली, की... ठक.

महादेवराव घर विकून गेले. रोशनच्या मालकाने ते गोदामाला घेतलं. बुढीच्या खोलीत छतापर्यंत प्लायवूडच्या थप्प्या लागल्या. एकदा माल काढताना रोशनला समजलं, त्या खोलीचं दार उघडं असलं की ठोके येत नाहीत.

मग रोज दुपारी तो तिथंच जाऊन बसायला लागला. दार सताड उघडं, हा थप्प्यांमागे भिंतीला टेकून. वाळून काडी झाला. जयवंता रडायची, पण घर शांत होतं म्हणून तीही बोलायची नाही.

यंदाचा मे. शनिवार.

गोदाम सांभाळणारा नत्थू भाच्याच्या लग्नाला उमरेडला निघाला होता. दार उघडं पाहून शिव्या घातल्या. "कोण्या गधड्यानं उघडं ठेवलं बे!" आत डोकावला. थप्प्यांशिवाय काही दिसलं नाही. खोलीला कडी घातली, बाहेरून कुलूप लावलं आणि बस पकडली.

थप्प्यांमागे रोशन झोपला होता. कितीतरी महिन्यांनी त्याला झोप लागली असेल.

फोन घरी, चार्जिंगला.

जयवंताला वाटलं, माल घेऊन कोराडीला गेला. तसा जायचा, कधी कधी दुसऱ्या दिवशी यायचा.

दुपार टळली आणि भिंतीतून...

ठक. ठक. ठक.

जयवंता भिंतीसमोर हात जोडून उभी राहिली. "बुढे, सोड माह्या पोराचा पिच्छा! काय बिघडवलं त्यानं तुह्यं?"

ठोके जोरात आले.

काहीतरी ओरडल्यासारखंही वाटलं तिला. थप्प्यांमागून आलेला आवाज कुणाचा, ते कसं कळणार! तिने कानांत कापूस घातला. तरी ठोके येतच राहिले.

मग तिने रोशनचा फोन घेतला, स्पीकरला जोडला आणि त्याची गाणी लावली.

पूर्ण आवाजात.

शनिवारभर. रात्रभर. रविवारी दिवसभर.

शेजारच्या बायका सांगतात, गाणं मधात जरा थांबलं की ठोका ऐकू यायचा. बरोबर मधल्या जागेवर. पायल गल्लीतून गेल्यावर ती जागा रोशनशिवाय कुणालाच सापडत नव्हती, हे एकीच्याही ध्यानात आलं नाही.

रविवारी संध्याकाळी ठोके चुकायला लागले.

जयवंताला बरं वाटलं. बुढी थकली, असं तिला वाटलं.

सोमवारी नत्थूने कुलूप काढलं.

मी रोशनच्या तेराव्यापर्यंत तिथं राहिले. घरात स्पीकर चालूच. जेवताना चालू, झोपताना चालू. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. "मयताच्या घरात भोंगे वाजवते का वं?" म्हणत मी स्विच बंद केला.

शांत झालं.

मग भिंतीतून एक ठोका आला. दमलेला. चुकलेला.

त्याच्या मागोमाग दुसरा. अगदी नेमका.

पलीकडच्या खोलीचं दार आता दिवसरात्र उघडं असतं. मालकाने बिजागरीसकट काढून टाकलं. मी स्वतः पाहिलं. तरी दोन्ही येत होते.

जयवंता उठली. घाबरली नव्हती. शांतपणे तिने स्विच लावला.

"आवाज वाढव ना वं बाई," ती म्हणाली. "त्याले आवडते."

सगळ्या घराला जिभेवर नाचवणारी मी. मीच हात पुढे करून आवाज वाढवला.

आता मी माझ्या घरी आहे. सुना कुजबुजतात, सासूबाई बोलायच्या थांबतच नाहीत, झोपेतही बडबडतात. बडबडते तर बडबडते.

परवा बोलता बोलता खोकल्याची उबळ आली. क्षणभर गप्प झाले.

आमची भिंत तर कुणाच्याच घराला लागून नाही...